धुऊन टाकलेली लेबलं

परवा रविवारी जुन्या बाजारात एका विक्रेत्याने पोत्यावर औषधाच्या बाटल्या मांडल्या होत्या. जाड काचेच्या, एका अंगाने चपट्या आणि दुसऱ्या अंगाने फुगीर. बऱ्याचशा पांढऱ्या, काही तपकिरी, दोन-चार गर्द निळ्या. त्यांच्याकडे बघताना आपण ह्यांना ओळखतो असं वाटत होतं, आणि चौकशी केल्यावर ते खरं निघालं. आमच्याच पेठेतलं औषधांचं जुनं दुकान बंद होऊन रिकामं झालं, त्यातला हा माल. मी एक बाटली उचलून उन्हात धरली. काचेत बारीक बुडबुडे अडकलेले, तळाशी कारखान्याची खूण, खांद्याशी जरा वाकडी जोडरेघ. बाकी बाटली अगदी लख्ख होती. म्हणून विचारलं, "यांच्यावर लेबलं होती ना?" तो उत्साहाने म्हणाला, "होती की ताई! सगळ्यांवर होती. रात्रभर कोमट पाण्यात ठेवली, मग घासणीने काढली. आता बघा काच कशी दिसतीय. लोक फुलं ठेवायला नेतात." त्याने मन लावून काम केलं होतं. त्याच्या व्यवहारात काचेला गिऱ्हाईक आहे आणि कागद म्हणजे मळ. त्याला मी काय म्हणणार? पण घरी येईपर्यंत आणि नंतरही ते कोमट पाणी माझ्या डोक्यातून जाईना. किती नावं विरघळली असतील त्या पाण्यात.

ते दुकान म्हणजे शिसवी रंगाची उंच कपाटं, त्यांच्या काचेमागे बरण्यांच्या रांगा आणि पुढे पाय झिजलेला लांब काउंटर. आत पाऊल टाकण्याआधी वास यायचा. स्पिरिट, पेपरमिंट, बडीशेपेचा अर्क, आणि या सगळ्यांच्या खाली कुठेतरी आयडोफॉर्मचा तो जखमेची आठवण करून देणारा वास. समोर मालक बसत. आमचं लक्ष असायचं ते मागच्या फळीआडच्या जागेत उभ्या असलेल्या कंपाउंडरकाकांकडे. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्याकडे गेली की आतून काचेवर काच वाजल्याचा, खलात काहीतरी घोटल्याचा आवाज येई. घरून बाटली धुऊन न्यायची असे. "बाटली आणलीय का?" हा पहिला प्रश्न. आईने ती आधी राखेने, मग गरम पाण्याने धुऊन उन्हात पालथी घातलेली असायची. पण बाटली नुसती स्वच्छ असून त्यांना चालत नसे. उजेडाकडे धरून, बूच हुंगून, पसंत पडली तरच ती आत जाई.

आणि मग पट्टी. मिक्श्चरच्या बाटलीला लावलेली ती डोसाची कागदी पट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. पांढऱ्या कागदाचा बोटभर रुंद तुकडा बाटलीला लावून आधी त्याची उंची ठरवायची, तळापासून औषधाच्या पातळीपर्यंत. आठ डोस असतील तर काम सोपं. कागद मधोमध दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, तिसऱ्यांदा दुमडायचा, की आठ सारखे भाग झाले. मग त्या जाडसर घडीचे चारही कोपरे कात्रीने तिरके कातरायचे. घडी उलगडली की दोन्ही कडांना समोरासमोर खाचा पडलेल्या दिसत. दोन खाचांमधलं अंतर म्हणजे एक डोस. पण सहा किंवा बारा डोसांना हे दुमडणं चालत नाही, तिथे तीन सारखे भाग करावे लागतात आणि त्यासाठी सरावलेली नजर हवी. काका कागद बोटांत धरून क्षणभर थांबत, अंगठा किंचित सरकवत, आणि घडी दाबत. ती चुकल्याचं मला आठवत नाही. मग पाठीला खळ लावून पट्टी बाटलीच्या चपट्या अंगावर चिकटायची, तिच्यावरून तळव्याचा खालचा भाग एकदा दाबून फिरवायचा.

त्या एका खाचेत आजारपणाचं अख्खं वेळापत्रक असे. अर्ध्या औंसाचा एक डोस धरला तर आठ डोसांची बाटली चार औंसांची, दिवसाला तीन खाचा, म्हणजे तिसऱ्या दिवशी बाटली तळाला आणि आपण पुन्हा दवाखान्यात. औंस म्हणजे सुमारे 28 मिली, हे आम्हाला शाळेत नंतर कळलं. वजनमापांचा मेट्रिक कायदा 1956 साली झाला, पण कितीतरी घरांत औषध औंसांनी आणि खाचांनीच मोजलं जात राहिलं. वाचता न येणाऱ्या माणसालाही ती पट्टी वाचता येत होती. "एका वेळी एवढं," असं म्हणून काका नखाने खाच दाखवायचे. आमच्या वाड्यातल्या एक आजी, ज्यांना अक्षर ओळखीचं नव्हतं, त्या खाचेवर बोट ठेवूनच बाटली कलती करायच्या. छापील पत्रक त्यांच्या काहीच कामाचं नसतं.

मिक्श्चरचा रंग हा आणखी एक विषय. आमच्या लेखी औषधं दोनच, लाल आणि पांढरं. लाल आवडतं, पांढरं नावडतं. पोट बिघडल्यावर मिळणाऱ्या त्या गुलाबी-लाल पाण्यात खाण्याचा सोडा, पेपरमिंटचं पाणी आणि वेलदोड्याचा संयुक्त अर्क असे, आणि रंग यायचा त्या अर्कातून. ब्रिटिश फार्माकोपियातल्या त्या अर्काच्या कृतीत वेलदोडा, शहाजिऱ्यासारखं कॅरवे आणि दालचिनी यांच्याबरोबर कोचिनील असे, म्हणजे निवडुंगावर वाढणारे वाळवलेले किडे. मोठेपणी हे वाचलं तेव्हा मला किळस आली नाही, अचंबाच वाटला. मेक्सिकोच्या निवडुंगावरचा किडा कुठे, आणि पुण्यातल्या पेठेत जिभेवर रेंगाळणारी ती लाली कुठे! पांढऱ्या औषधात खडूची किंवा केओलिनची पूड असायची, ती तळाशी बसायची, म्हणून लेबलावर 'हलवून घेणे'. ही सूचना आम्ही मुलं इतक्या निष्ठेने पाळायचो की बूच उडून भिंतीवर त्याचे शिंतोडे गेलेले असत.

काच हीसुद्धा आपल्याकडे सहज आलेली वस्तू नाही. एकेकाळी औषधासारखी बाटलीही परदेशातून यायची. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड उभा केला आणि त्या पैशातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला, टिळकांनी त्याला बळ दिलं. पुढे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काच घडवली, बडोद्याच्या अलेंबिकने औषधांच्या जोडीला काचेचाही कारखाना चालवला. साध्या बाटलीसाठीही लोकांनी पैसा पैसा जमवला होता हे लक्षात आलं, की तळाशी उमटलेल्या कारखान्याच्या खुणेवरून बोट फिरवावंसं वाटतं. तपकिरी काचेचं कारण मात्र सरळ आहे. भट्टीत लोह, गंधक आणि कोळसा यांच्या मेळाने तो रंग येतो आणि अतिनील किरण त्यातून फारसे पार होत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडीन, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब अशी उजेडाने बिघडणारी औषधं म्हणून त्यात. टिंक्चर आयोडीनला साधं बूच पुरत नसे, आयोडीन ते हळूहळू खाऊन टाकतं, म्हणून त्याला काचेचं बूच. विलायतेहून आलेल्या विषारी द्रव्यांच्या बाटल्या निळ्या किंवा हिरव्या असत आणि त्यांच्या अंगावर उभ्या कड्या किंवा उंचवटे असत. रात्री अंधारात कपाटातून चुकीची बाटली हाती आली तर बोटांना ते कळावं म्हणून. कुठल्यातरी कारागिराने, कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या अर्धवट झोपेचा विचार करून काचेला ती कड दिली होती. मला हे फार मोलाचं वाटतं.

औषध संपलं तरी बाटली संपत नसे. पिंपरीला 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झालं, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, आणि पेनिसिलिनच्या त्या अंगठ्याएवढ्या कुप्या दवाखान्यांतून घरोघरी झिरपल्या. त्यात अत्तर, शिवणयंत्राचं तेल, देवाच्या पूजेचं गंगाजल, काजळाला लागणारं एरंडेल. रबरी बुचांची आम्ही काडेपेटीच्या गाडीला चाकं केली. मोठ्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात वात घातली की रॉकेलची चिमणी तयार. आज्यांच्या फडताळात ओव्याच्या अर्काची बाटली असे, आणि ओव्याचा अर्क संपून दहा वर्षं झाली तरी तिच्यात जे काही ठेवलं असेल त्याला ओव्याचा वास येई.

छापील खोक्यांचं जग वेगळं होतं, आणि तेही आम्हाला प्रिय होतं. ग्राइप वॉटरच्या लेबलावर एक गुटगुटीत मूल दोन्ही हातांनी सापांशी झुंजताना दिसे. तो ग्रीक पुराणातला बाल हर्क्युलिस आहे हे आम्हाला कोण सांगणार? आमच्या घरात तो कृष्णच होता आणि साप म्हणजे कालिया. कॉड माशाच्या तेलाच्या पांढऱ्या औषधावर पाठीवर माणसाएवढा मासा घेतलेला कोळी, त्यामुळे दुकानात नुसतं "मासेवाल्याची बाटली" म्हटलं तरी पुरे. अमृतांजनाची पिवळी कुपी तर मूळची मुंबईचीच, काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी 1893 साली ती तिथे सुरू केली आणि नंतर कारखाना मद्रासला नेला. पनवेलच्या धूतपापेश्वराच्या आसवारिष्टांच्या बाटल्या दुकानाच्या खालच्या फळीवर. 1872 पासूनचा कारखाना तो. दारूबंदीच्या काळात अशा औषधांवरून आणि टॉनिकांवरून केवढे वाद झाले! मुंबई राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याला आव्हान मिळालं आणि 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात मद्यार्क असलेल्या औषधांपुरती त्यातली बंधनं रद्द केली. द्राक्षासवाच्या लेबलावर बारीक अक्षरात छापलेल्या मद्यार्काच्या प्रमाणामागे हे सगळं उभं आहे. लेबल वाचायला बसलं की असा इतिहास निघत जातो. नुसत्या काचेतून तो निघत नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते एका बाटलीबद्दल.

माझ्या आजीच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीखाली, एक लहान तपकिरी बाटली होती. ती आम्हा मुलांना हाताळायला मिळत नसे. आजी गेल्यावर आत्याने ती पहिल्यांदा माझ्या हातात दिली. बूच काळं पडून काचेला चिकटलेलं. आत औषध जवळजवळ गळ्यापर्यंत, आटून दाट झालेलं. लेबलाच्या वरच्या बाजूला दुकानाचं छापील नाव, आमच्या पेठेतल्या त्याच दुकानाचं, त्याखाली टाकाने लिहिलेला एक क्रमांक, आणि मग निळसर करड्या शाईत: 'बाळ. 5 थेंब. दिवसातून 3 वेळा.' माझ्या वडिलांच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता. तो बारशापर्यंत राहिला नाही. त्यामुळे त्याला नाव नाही. घरात त्याचा फोटो नाही, पाळण्याच्या दोरीला त्याचं काही बांधलेलं नाही, आणि नोंद करायला म्हणून कोणी कचेरीत गेलं असेल असं आत्याला वाटत नाही. तो होता, त्याला कुणीतरी पाच थेंब द्यायला सांगितले होते, आणि ते सारे थेंब देऊन व्हायच्या आत तो गेला, एवढं त्या बाटलीवरून कळतं. 'बाळ' या शब्दातल्या ळ ची शेपटी जरा लांब ओढली आहे. लिहिणाऱ्याला घाई नव्हती. आजी ती बाटली कधी बाहेर काढून बघायची का, हे मी आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "दर पावसाळ्यानंतर ट्रंक उन्हात टाकायची ना, तेव्हा. बाटली पुसायची. लेबलाला हात लावायची नाही."

लेबलाला हात लावायची नाही. जुन्या बाजारातून येताना मला हेच वाक्य ऐकू येत होतं.

म्हणून जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. त्या बाळाला काय दिलं होतं हे लेबलावर नाही. आमच्या लाल औषधाच्या बाटलीवरही कधी नव्हतं. डॉक्टरला ठाऊक, कंपाउंडरला ठाऊक, आणि पिणाऱ्याने डोळे मिटून प्यायचं. तापाच्या पुड्यांत ॲस्पिरिन आणि कॅफिनबरोबर फेनॅसेटिन असे. मूत्रपिंडांना त्याने अपाय होतो म्हणून आपल्याकडे त्यावर बंदी यायला 1983 उजाडलं, तोवर किती पुड्या गेल्या असतील पोटांत. बाटलीत काय आहे हे न कळण्याची किंमत आपण जबर मोजली आहे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने ते ग्लिसरीन कुणाकुणाच्या हातांतून कसं पुढे सरकत गेलं हे उघडं केलं. तो वृत्तान्त वाचल्यावर बॅच क्रमांकाचा रुक्ष आकडा माझ्यासाठी रुक्ष राहिला नाही. आज खोक्यावर घटक मिलिग्रॅममध्ये असतात, बनवल्याची आणि संपण्याची तारीख असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून इशारा असतो, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून जास्त खपाच्या 300 औषधांवर क्यूआर कोडही छापावा लागतो. माझ्या नातीला ताप येतो तेव्हा मी बाटली हातात घेऊन हे सगळं वाचते, चष्मा लावून, दोनदा. मला जुनी बाटली तेव्हा नको असते. पारदर्शक मापाचं टोपण आणि सीलबंद झाकणच हवं असतं.

तरीही त्या खोक्यावर कुठेही नातीचं नाव नसतं. तिचंच असं काय, कुणाचंच नसतं. ते लाखोंनी छापलेलं असतं आणि तसंच छापायला हवं, नाहीतर तपासणार कसं? जुन्या बाटलीवर औषधाचं नाव नसे, माणसाचं असे. लग्न झालेल्या बाईचं 'सौ.' आणि नुसतं आडनाव, म्हाताऱ्यांचं 'आजोबा', नोकराचं कधी मालकाच्या नावाने. त्या काळाने माणसाला जसं ओळखलं तसंच लिहिलं, उणेपणासकट. पण लिहिलं. एका घरात एका वेळी दोन बाटल्या असतील तर कुठली कुणाची याचा घोळ होऊ नये एवढाच त्यामागचा हेतू असणार. त्या साध्या हेतूतून गल्लीतल्या माणसांची एक यादी तयार होत होती, जी दुसऱ्या कुठल्याच दप्तरात नव्हती. कोण कधी आजारी पडलं, कुणाचा खोकला किती पावसाळे पुरला, कुणाची बाटली एकदाच भरली आणि पुन्हा आली नाही.

लेबलावरचा तो क्रमांक मला फार दिवस नुसता आकडा वाटत होता. तो काय होता हे नंतर समजलं. 1945 च्या औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवर बनवून दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद वहीत करावी लागे. तारीख, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव-पत्ता, औषध आणि त्याचं प्रमाण. वहीतला तोच अनुक्रमांक बाटलीच्या लेबलावर लिहायचा. म्हणजे बाटली आणि वही ही जोडी. बाटलीवर माणूस आणि डोस, वहीत त्याच आकड्यासमोर आतला घटक न् घटक. पेशंट नुसता क्रमांक सांगून तेच औषध पुन्हा भरून घेऊ शकत असे. या वह्या शेवटच्या नोंदीपासून दोन वर्षं जपाव्या लागत, पुढे दुकानदाराने त्यांचं काय करायचं ते त्याने ठरवायचं. बहुतेकांनी रद्दीत दिल्या असणार. कागदाला भाव असतो, आणि दुकानात जागा नसते.

मी दुकानाच्या मालकांच्या घरी फोन केला. ते आता नाहीत, सूनबाई बोलल्या. बाटल्या आणि बरण्या गेल्या, कपाटं एका हॉटेलवाल्याने नेली. पण वह्या, म्हणाल्या, माळ्यावर आहेत. सासरे देऊ देत नसत. त्या गेल्यावर्षी काढायच्या होत्या, राहून गेल्या. सगळ्यात जुनी वही 1961 ची आहे, त्याआधीच्या सगळ्या वह्या पानशेतच्या पुरात गेल्या. म्हणजे आमचं बाळ त्यात नाही. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा आमच्या पेठेत गुडघ्याच्या वर पाणी होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण त्या पाण्याने आमच्या घरातलं हेही नेलं होतं हे मला आत्ता कळलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून राहिले. पाच थेंब कशाचे होते, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

पण 1961 नंतरची माणसं त्या वह्यांत आहेत. माझ्या गोवराची नोंद असेल, आईच्या ॲनिमियाची, त्या अक्षर न येणाऱ्या आजींच्या दम्याची. सूनबाईंनी वह्या खाली उतरवायला होकार दिला आहे. एका अटीवर, कुणाच्या दुखण्याचं नाव-पत्त्यासकट कुठे छापायचं नाही. ही अट मला मनापासून पटली. पानांना कसर लागली आहे, म्हणून आधी त्या सावलीत वाळवायच्या, मग एकेका पानाचा फोटो घ्यायचा, आणि जुन्या औषधांची नावं, प्रमाणं, डॉक्टरांच्या खुणा वेगळ्या उतरवून काढायच्या, म्हणजे औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या मुलांना तरी त्या वाचता येतील. डॉक्टरांचं अक्षर लावणं मला एकटीला जमणारं नाही. त्या दुकानात शेवटची काही वर्षं काम केलेल्या, आता निवृत्त झालेल्या एक फार्मासिस्टबाई पुढच्या शनिवारी यायला तयार झाल्या आहेत. येताना खाचांची पट्टी कातरून दाखवते, म्हणाल्या. सहाची आणि बाराचीसुद्धा.